वाडी बुडाली तर मत कुठं जातं?

प्रश्न : आमची वाडी देवबागेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी. उधाणात पुढची माडांची रांग गेली, घर मागे घ्यायला जागा नाही. आई विचारते, "वाडी गेली तर माझा मत खंय जातला?" मुंबईचा चुलतभाऊ सांगतो, इंग्लंडात बुडालेल्या गावातून खासदार निवडून यायचे आणि मतदार होडीतून मत द्यायला जायचे. खरं की थाप?
– एक वाचक, ता. मालवण

उत्तर : होडी सोडून द्या, बाकी खरं आहे. गावाचं नाव डनिच, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफोक परगण्यातलं. एके काळी भरभराटीचं बंदर. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून वादळांनी त्याचा घास घ्यायला सुरुवात केली. 1328 च्या वादळात गोट्यांचा बांध सरकला आणि बंदराचं तोंडच बुजलं. खाडीचं मुख गाळानं भरलं की गावाचं काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगू! व्यापार गेला, मग माणसं गेली, मागोमाग घरं आणि देवळं. ऑल सेंट्स हे चर्च तर विसाव्या शतकापर्यंत कड्याच्या टोकाशी तग धरून होतं. 1904 पासून ते तुकड्यातुकड्यानं कोसळत गेलं आणि 1919 च्या सुमारास त्याचा मनोरा खाली गेला. त्याच्या कब्रस्तानातली हाडं कड्यातून बाहेर आलेली लोकांनी पाहिली आहेत.

पार्लमेंटातली जागा मात्र हलली नाही. 1298 पासून डनिचला पार्लमेंटात दोन खासदार होते, ते थेट 1832 पर्यंत राहिले. 1831 मध्ये तिथं जेमतेम सव्वादोनशे माणसं उरली होती, आणि मताचा हक्क त्यातल्याही मोजक्यांना, 'फ्रीमन' म्हणजे गावाचे हक्कदार नागरिक म्हणवणाऱ्यांना. कड्यावर थोडं गाव शिल्लक होतं, त्यामुळे होडीची गरज कधी पडली नाही. गरज होती ती बार्न आणि व्हॅनेक या जमीनदार घराण्यांच्या मर्जीची. जागा बहुतेक त्यांच्या शब्दावर भरायची. तेव्हा मतदान उघडं असे, कुणी कुणाला मत दिलं हे सगळ्यांना कळे, मग मालकाविरुद्ध जाणार कोण? त्याच वेळी लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. 1832 च्या सुधारणा कायद्यानं डनिचसह 56 गावांचं प्रतिनिधित्व पार काढून घेतलं. मला राग येतो तो समुद्राचा नव्हे, पाचशे वर्षं सोयिस्कर डोळेझाक करणाऱ्यांचा.

आपल्याकडे गणित उलटं आहे. इथं जागा डोकी मोजून ठरते. नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणारा राजापूर मतदारसंघ कुठं बुडाला होता? तरी 2008 च्या पुनर्रचनेत तो मोडला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. तेव्हा हिशेब 2001 च्या जनगणनेचा होता. मतदारसंघाच्या नावाशी कितीही माया असो, कायद्याला तिची फिकीर नाही.

आता आईचं मत. मत जमिनीला नव्हे, राहत्या माणसाला चिकटलेलं असतं. मी शाळामास्तर, निवडणुकीची ड्युटी पुष्कळ केली. एका केंद्रावर एक आजोबा आले होते. यादीतलं घर समुद्रात गेलेलं, बिऱ्हाड लेकीकडे कुडाळला. ओळखपत्र पुढं करून म्हणाले, "घर नाय, पण मी आसंय मां!" एजंटही हसले, आणि यादीत नाव असल्यानं शाई लागली. पण हे असं चालवून घेऊ नये. कोणी बोट दाखवलं तर नाव वगळलं जातं आणि नव्या गावात नाव चढलेलं नसतं.

वाडी सोडावी लागली तर नव्या जागी राहायला गेल्यावर नमुना 8 भरा. पत्ता बदलाचा तोच अर्ज. तो बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या किंवा ऑनलाइन भरा. नव्या पत्त्याचा पुरावा जोडा. भाड्याचं घर असलं तरी चालतं. फक्त निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावं चढत नाहीत.