कूलर गायब, आत्या मात्र ऐकू येते

प्रश्न : दादा, मी रामबागेत राहतो, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. हॉलमध्ये मोठा कूलर, त्याला लागून माझं टेबल, आणि पलीकडे आत्याचा फोन दिवसभर सुरू. म्हणून आठ हजारांचा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन ऑनलाइन मागवला. चालू केला की कूलर जसा बंदच पडतो, पण आत्या आधीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येऊन राह्यलीय! वरून तासाभरात कान दुखतात, चष्म्याची काडी रुतते, आणि मीटिंगमधले लोक म्हणतात तुमच्या कुकरची शिट्टी झाली. डब्यावर तर ईएनसी पण लिहिलंय. पीस खराब आलाय का? परत करायला चारच दिवस उरलेत.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पीस ठीक आहे, आत्याही ठीक आहे.

अहो, ही टेक्नॉलॉजी मुळात घरघरीसाठीच निघाली. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानानं परत येत होते, विमानात दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजात काही धड ऐकू येईना, तर त्यांनी बसल्या जागी गणित मांडायला घेतलं, आणि त्यातून पायलट लोकांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. हेडफोनचा माइक बाहेरचा आवाज पकडतो, त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडली जाते आणि दोघी एकमेकींना खातात. कूलरची घूं एकसुरी, खालच्या पट्टीतली, पुढच्या क्षणी काय येणार ते ठरलेलं. आत्याचं बोलणं चढतं-उतरतं, वरच्या पट्टीतल्या लाटा इतक्या आखूड की वेळ जराशी चुकली तरी हिशोब फसतो, तिथे फक्त कुशन जेवढं अडवेल तेवढंच. आणि इतके दिवस तिला झाकून ठेवणारा कूलरच तुम्ही काढून टाकला, मग काय होणार! हलका पावसाचा आवाज लावून बघा. मी तानपुरा लावतो, घरात सगळ्यांना वाटतं मी रियाज करतोय. पण बारीकच ठेवा, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही हद्द सांगते, आणि तुमचं तर ऑफिसच ४० तासांचं.

आता चष्मा, खरी गोम तिथेच आहे. काडीमुळे कुशन आणि कानशील यांच्यात फट राहते आणि नेमकी खालच्या पट्टीतली घरघर तिथून आत शिरते. कूलरसमोर बसा, हेडफोन चालू करा आणि दोन्ही कप हातानं हळूच दाबा. घरघर आणखी कमी झाली तर समजा फट आहे. काडी बारीक असलेला जुना चष्मा असेल तर दोन दिवस तो लावून बघा. पकड घट्ट असेल तर रात्री हेडफोन डोक्यापेक्षा थोड्या रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवा, हातानं फाकवू नका, बँड गेला तर परतावा पण गेला. घाम येणारच, मे महिन्यात इंदुरात कान झाकून बसायचं म्हणजे बसायचंच, तासाला पाच मिनिटं काढा आणि कुशन कोरड्या कपड्यानं पुसा, नाहीतर ते रेक्झिन पोपडे धरतं. कापडी कुशनला हवा लागते खरी पण आवाजही आत येतो.

कुकरचं म्हणाल तर ईएनसी वेगळं आणि एएनसी, म्हणजे वर सांगितलेलं उलट्या लाटेचं नॉइज कॅन्सलिंग, वेगळं. ईएनसी तुमच्या माइकसाठी, समोरच्याला गोंगाट कमी जावा म्हणून, तुमच्या कानांना त्याचा काही फायदा नाही, आणि शिट्टी त्यालाही पुरती आवरत नाही. मीटिंगच्या ॲपमधलं नॉइज सप्रेशन चालू करा, आणि बोलत नसाल तेव्हा म्यूट.

एवढं करूनही तिसऱ्या दिवशी कान दुखले तर परत करा, लाजू नका. मग पुढचा घेताना वजन आधी बघा, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा आणि ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स साधारण ३८५ ग्रॅमचा, आणि हा फरक मानेला संध्याकाळी कळतो. ऑनलाइन मागवू नका. चष्मा लावून जेल रोडला जा, आणि दुकानदार अर्धा तास डोक्यावर ठेवू देत नसेल तर शेजारच्या दुकानात शिरा.