पाण्याचं तापमान कमी करू नका, भांडं बदला

उकळून उकळून बाळाची प्लॅस्टिकची बाटली पांढुरकी पडलीय, तिचे कण दुधात उतरतात का असं विचारलं तर कंपनी ‘बीपीए-फ्री आहे’ (बीपीए म्हणजे काही प्लॅस्टिकमध्ये असणारं एक रसायन) एवढंच सांगते, म्हणून तुम्ही आता पावडर कोमट पाण्यात कालवताय. ते कोमट पाणी आजच थांबवा.

दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातले क्रोनोबॅक्टर, साल्मोनेला मारायला पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं. तान्ह्या बाळाला या जंतूंचा धोका प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

ग्राहक विभागाचं ते उत्तर मलाही एका कंपनीकडून मिळालं होतं आणि अजून संताप येतो. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात ५ असेल तर ती पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची. तिच्यात बीपीए वापरतच नाहीत, ते पॉलिकार्बोनेट या वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये असतं. विचारलं कणांबद्दल, सांगतात बीपीएबद्दल! डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशाच बाटल्या तपासल्या. पाणी २५ अंशांना असताना लिटरमागे प्लॅस्टिकचे सुमारे ६ लाख सूक्ष्म कण सुटले, ९५ अंशांना साडेपाच कोटी. हे कण शरीरात काय करतात ते अजून ठरलेलं नाही, तेव्हा घाबरू नका. पण टाळणं सोपं आहे.

स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून लिटरभर पाणी उकळा. गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा. थोडंसंच उकळलं तर ते बघता बघता सत्तरच्या खाली जातं. उकळून घेतलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेच्या भांड्यात आधी पाणी, मग डब्यावर लिहिलेत तेवढेच चमचे पावडर. सगळे चुकतात ते इथेच: खुणा बाटलीवर आहेत म्हणून गरम पाणी तिच्यातच मोजतात. भांडं गार पाण्यात ठेवून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा, मगच बाटलीत ओता. दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्या.

बाटली उकळणं सोडू नका. उकळल्यावर मात्र स्टीलमध्ये उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळा. दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. बाटलीवर चरे पडले असतील तर ती बदला, आणि ताठ केसांचा ब्रश सोडून स्पंज घ्या.

माझं स्पष्ट मत: जमत असेल तर बाटलीच नको. वाटी-चमचा किंवा स्टीलचं बोंडलं धुवायलाही सोपं. मी डॉक्टर नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा वजनाने कमी असेल तर पावडरबद्दल आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.