नव्या चित्रकला शिक्षकास

आर्ट टीचर डिप्लोमा पूर्ण करून आपण नाशिकच्या प्राथमिक शाळेत रुजू होत आहात, म्हणून अनुभवाचे थोडे सांगतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय पुढच्या इयत्तांचे आहेत. त्यांची तयारी दुसरीच्या वर्गावर लादू नका. पहिल्या वर्षी मी फळ्यावर डोंगर, सूर्य आणि झोपडी काढली व पस्तीस मुलांनी पस्तीस वेळा तीच उतरवली, तेव्हा दोष माझाच होता. नंतर मी द्राक्षांचा एक घड वर्गात नेला. एका मुलीने मणी हिरवे न रंगवता त्यावरची पांढुरकी लव खडूने चोळून दाखवली. तसे पाहणे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. काळाराम मंदिराचा काळा दगडही असाच दाखवावा, म्हणजे काळ्यातही निळा, करडा सापडतो. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल मात्र कधीही टेकवू नये. राहिला प्रश्न चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या सहकाऱ्यांचा: वेळापत्रक मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या, आणि पाण्याची बादली व जुनी फडकी तास सुरू होण्यापूर्वीच भरून ठेवा.