रक्त दिलं, रिपोर्ट कुठे?

प्रश्न : मी आशा म्हणून काम करते. गरोदर बायकांची एचआयव्हीची तपासणी उपकेंद्रात बोटाच्या रक्तावर लगेच होते. गरमीच्या (सिफिलिसच्या) तपासणीचं, म्हणजे व्हीडीआरएलचं, रक्त मात्र तालुक्याला जातं. पोरी बाळंतपणाला माहेरी जातात, तरी कार्डावर रिपोर्ट येत नाही. काय करू?

उत्तर : ताई, व्हीडीआरएलसाठी सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, वेगळं काढून ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवावं लागतं. नमुना फिरवत ठेवणारं यंत्र (रोटेटर) आणि सूक्ष्मदर्शक लागतो. नमुने साठेपर्यंत प्रयोगशाळा थांबते, ते वेगळंच. म्हणून एचआयव्ही आणि सिफिलिस एकदम दाखवणारी पट्टी मागा. मासिक बैठकीत मागणी नोंदवूनच घ्या. बोटातलं थेंबभर रक्त, मग किटच्या कागदावर लिहिलेत तेवढेच किटमधल्या द्रवाचे (बफरचे) थेंब, आणि साधारण १५ ते २० मिनिटांत निकाल. उशिरा पाहिलेली पुसट रेघ ग्राह्य धरू नका. किट ३० अंशांच्या वर ठेवायचं नसतं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर नकोच.

पट्टी पॉझिटिव्ह आली की आरपीआरसाठी, म्हणजे सिफिलिसच्या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीसाठी, रक्त घ्यावं, पण त्याच्या रिपोर्टसाठी पहिलं इंजेक्शन अडवू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७चा सल्लाही हाच आहे. बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं-निम्मं. आजार कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक असे तीन डोस. खरी गाडी अडते ती इथेच. रिॲक्शनच्या धास्तीनं बाईला पुढे पाठवलं जातं आणि ती पोहोचतच नाही. रिॲक्शनवरचं औषध ॲड्रेनलिन हाताशी ठेवून इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येतं. त्याऐवजी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या देणं म्हणजे बाळाला उपचाराविना ठेवणं, कारण हे औषध वारेतून पुरेसं पलीकडे जात नाही.

प्रश्न : खासगी दवाखान्यात नाव घातलंय. एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ची तपासणी झाली, सिफिलिसची नाही. आठवा महिना लागलाय. आता उपयोग आहे का?

उत्तर : आहे, पण उद्यावर टाकू नका. बाळासाठी उपचार पुरेसा धरायचा तर पेनिसिलिन बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवं. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आहे एवढ्यावर थांबू नका. पॉझिटिव्ह आलात तर यजमानांनाही उपचार हवेत, नाहीतर लागण परत होते. पूर्वी उपचार झाले असतील तर ते आधीच सांगा : पट्टी बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच दाखवते, मग आरपीआरचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) बघूनच ठरवावं लागतं.