‘वळणे’ या लॅटिन धातूपासून आलेले इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे?

व्हर्ट आणि व्हर्सवाल्या शब्दांची यादी परीक्षेसाठी पाठ करताय आणि ती राहत नाही, असं तुम्ही लिहिलंय. राहणारही नाही. त्यापेक्षा एकदा नांगरट आठवा.

मी चोपडा तालुक्यातला. लहानपणी आप्पांच्या औतामागे चालायचो. बैलजोडी काळ्या रानात तास, म्हणजे नांगराची सरी, काढत बांधापर्यंत जायची, तिथं वळायची आणि शेजारचं तास धरायची. लॅटिनमधलं ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणं किंवा वळवणं. त्यातून आलेला ‘व्हर्सुस’ हा शब्द नांगराच्या तासालाही होता आणि लिहिलेल्या ओळीलाही. ओळ संपली की हात मागे वळतो ना, तसंच. तोच इंग्रजीतला व्हर्स, म्हणजे पद्य. गंमत म्हणजे प्रोज, म्हणजे गद्य, तेही याच घरातलं. ‘प्रो-व्हर्सुस’, पुढे तोंड करून सरळ निघालेलं. झिजत झिजत ‘प्रोसा’ झालं. जुने ग्रीक तर काही शिलालेखांत एक ओळ डावीकडून उजवीकडे अन् पुढची उजवीकडून डावीकडे कोरत. त्या पद्धतीला बुस्ट्रोफेडन म्हणतात: बैल वळतो तसं.

हे चित्र डोळ्यांपुढे असलं की बाकीचे शब्द पटापट उलगडतात. रिव्हर्स, इन्व्हर्ट, कन्व्हर्ट तर उघडच आहेत. ॲनिव्हर्सरी म्हणजे वर्ष फिरून परत आलं. व्हर्टिब्रा म्हणजे मणका, ज्यावर अंग वळतं. व्हर्टिगोत सगळं गरगरतं. ॲडव्हर्टाइजमध्ये लक्ष आपल्याकडे वळवायचं असतं आणि डिव्होर्समध्ये दोघांच्या वाटा दोन दिशांना वळतात. युनिव्हर्स म्हणजे सगळं एकाकडे वळून एक झालेलं. त्यातूनच ‘युनिव्हर्सितास’, म्हणजे समूह, संघ. मध्ययुगात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या संघाला हे नाव मिळालं आणि १९९० साली जळगावला आमचं विद्यापीठ झालं तेव्हा आम्हीही सरळ ‘युनिव्हर्सिटी’च म्हणायला लागलो.

खरं सांगू, मला स्वतःला हा धातू पक्का समजला तो मराठीतूनच. संस्कृतचा ‘वृत्’ हा व्हर्तेरेचा सख्खा भाऊ. उसना घेतलेला नव्हे, दोघांचा पूर्वज एक. वर्तुळ, परिवर्तन, निवृत्ती त्यातलेच. गिरणा नदीच्या धरणातून पाण्याची पाळी सोडली की ‘गिरणेचं आवर्तन सुटलं’ म्हणतो, तेही. इंग्रजीत व्हर्शन, आपल्याकडे आवृत्ती. तिकडे व्हर्स, इकडे कवितेचं वृत्त! दिव्याची वातसुद्धा ‘वर्ति’पासून, वळलेली. आणि ‘वर्तुळ’ घासून घासून वाटोळं झालं. (पीक गेलं की शेतकरी जे म्हणतो, तेच.)

आता जिथं मार्क जातात ते. कव्हर्ट आणि ओव्हर्टमध्ये व्हर्ट दिसतो, पण ते ‘झाकणं’ आणि ‘उघडणं’ यांच्या घरचे. व्हेरिफाय, व्हर्डिक्ट हे ‘खरं’ या अर्थाच्या धातूचे. डायव्हर्ज आणि कन्व्हर्ज तर ‘व्हेर्गेरे’, म्हणजे कलणं, झुकणं, यातून आलेत. हायवेच्या कामावर असते ती डायव्हर्शनची पाटी मात्र अस्सल व्हर्तेरेची. आमच्याकडे सगळे तिला ‘डायव्हर्जन’ म्हणतात, त्यामुळे माझाही हा घोळ बरेच दिवस चालला होता.