युगांडाकडे तान्ह्या बाळांचे न आलेले दात कोरून काढतात हे खरं आहे का? त्याने बाळाला काय होतं?

खरं आहे. मी दंतवैद्य आहे, कंपालामध्ये सहा वर्षं प्रॅक्टिस केली. डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. पोरीला जुलाब लागले म्हणून बाई रजा घेऊन मासाकाकडे माहेरी गेली. पाचव्या दिवशी परत आली ती पोरीला पाठीशी बांधून थेट माझ्या खोलीत. पोर तापाने फणफणलेली, अंगावर प्यायला तयार नाही. बोटाला गॉज गुंडाळून मी तोंड उघडलं. खालच्या हिरडीत दोन्ही सुळ्यांच्या जागी खड्डे, त्यात कसलासा पाला वाटून भरलेला, कडेने रक्त झिरपतंय. बाईने पदराला बांधावी तशी कापडाला मारलेली गाठ सोडली आणि तुरीच्या दाण्याएवढ्या दोन पांढऱ्या, मऊ गोष्टी माझ्यापुढे धरल्या. "डॉक्टर, हे किडे निघाले." ते दुधाच्या सुळ्यांचे कोंब होते, पुरते कडकही न झालेले. मी कॉलेजात अशा कोंबांच्या आकृत्या काढल्या होत्या, हातात पहिल्यांदाच बघत होते.

तिकडे याला एबिन्यो म्हणतात, टांझानियात 'नायलॉनचे दात'. इथिओपिया, सोमालिया, सुदानकडेही हे चालतं. डॅनिश संशोधक पिंडबोर्ग यांनी उत्तर युगांडातल्या अशा मुलांबद्दल १९६९ मध्येच लिहून ठेवलंय. समजूत अशी की हिरडीतल्या या 'खोट्या' दातांमुळे ताप, उलट्या, जुलाब होतात. चार ते आठ महिन्यांत सुळ्याजवळची हिरडी फुगीर, पांढरट दिसते, ते अगदी नैसर्गिक आहे. त्याच वयात वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगायला लागतं, सापडेल ते तोंडात घालतं आणि पोट बिघडतं. दोष जातो दाताला.

कोंब काढतात ते सायकलच्या तारेने, चाकूने, कधी नखाने. भूल वगैरे काही नाही. रक्तस्राव, धनुर्वात, रक्तात जंतू पसरणं, तीच तार दुसऱ्या बाळाला वापरली तर एचआयव्ही किंवा कावीळ. आणि जुलाब चालूच, बाळ सुकत जातं ते वेगळंच. आमच्या बाईच्या पोरीला त्याच रात्री मोठ्या इस्पितळात रक्त चढवावं लागलं. वाचली. आता दहा वर्षांची आहे. खालचा एक कायमचा सुळा आला तो पिवळट, खडबडीत. दुसऱ्याचा कोंबच एक्स-रेत दिसत नाही, कारण दुधाच्या दाताखालीच कायमच्या दाताचा कोंब असतो आणि तार खोल गेली की तोही जातो.

हे ऐकून आपल्याकडचे लोक "किती अडाणी" म्हणतात तेव्हा मला संताप येतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळांना डागण्या देतात, ते आपल्याकडचंच नाही का? आणि शिकलेल्या घरांत "दात येतायत, जुलाब होणारच, औषध देऊन अडवू नका" हे काय आहे? मूळ समजूत तीच, फक्त हातात तार नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी पुतणीच्या वेळी हेच वाक्य मला चारचौघांत ऐकवलं होतं. मी तेव्हा नवी सून, गप्प बसले. तिसऱ्या दिवशी पोरीची टाळू खोल गेली, डोळे आत गेले आणि सांगलीला नेऊन सलाईन लावावं लागलं.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिर करतं, अंग जरा कोमट लागतं. पाण्यासारखे जुलाब दाताने होत नाहीत. ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. अंगावरचं दूध थांबवू नका, आणि डॉक्टरकडे न्या.

एक सांगायचं राहिलं. सगळी आफ्रिका असं करत नाही, आणि करतात त्या आयाही लेकरू वाचावं म्हणूनच करतात. जन्मतःच असलेला, हलणारा दात आम्हीही कधी कधी काढतो, पण तो तपासून, दवाखान्यात.

जाऊबाई क्वचित इथे वाचतात, म्हणून लिहिते: पुतणीला पहिला दात आला तो त्या सलाईननंतर दोन महिन्यांनी.