हार्मोनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घेऊन कुल्ल्यात गाठी आल्या आहेत आणि पाय आखडतो. हे कायमचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षं दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट (पुरुष हार्मोनचं इंजेक्शन) घेताय, तेही कायम उजव्या कुल्ल्यात. आता तिथे हाताला गाठी लागतात, सुई जाताना करकरते आणि उकिडवं बसलं की आतून ओढ बसते. हे असंच राहणार का आणि इंजेक्शन बंद करावं का, हा तुमचा प्रश्न.

बंद करू नका, आधी जागा बदला. मी डॉक्टर नाही. पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून हेच औषध घेतोय, त्यामुळे ती करकर मला चांगली ठाऊक आहे.

हे औषध पाण्यात नसतं, तेलात असतं. काही कंपन्यांच्या एनॅन्थेटमध्ये एरंडेल, काहींत तिळाचं तेल. सस्टेनॉन या दुसऱ्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनमध्ये तर शेंगदाण्याचं. (लहानपणी एरंडेलाची बाटली दिसली की आम्ही घरातून पळायचो. आता तेच पैसे देऊन टोचून घेतो.) त्या तेलात औषध विरघळून राहावं म्हणून बेन्झिल अल्कोहोल, बेन्झिल बेन्झोएट अशी द्रव्यं घालतात, आणि ती स्नायूला झोंबतात. सुईने थोडे तंतू तुटतात, तेलाचा थेंब आत साचून राहतो, शरीर त्याला परका समजून भोवती सूज आणतं. एकदा झालं तर स्नायू स्वतःला दुरुस्त करतो. पण तिथेच पुन्हा पुन्हा टोचत राहिलं की तुटलेल्या तंतूंच्या जागी कोलॅजन, म्हणजे व्रणातलं चिवट द्रव्य, भरत जातं. हे गोधडीला लावलेल्या ठिगळासारखं असतं: भोक बुजतं, पण ती जागा बाकीच्या कापडाइतकी ताणली जात नाही. डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात ते हेच.

आता उजवाच कुल्ला का? बहुतेक दवाखान्यांत तपासणीचं टेबल भिंतीला टेकवलेलं असतं. आपण रोज त्याच दिशेने डोकं करून पालथे पडतो आणि कंपाउंडरच्या हाताशी तीच बाजू येते. कोणी मुद्दाम करत नाही. पुढच्या वेळी उलट्या दिशेने डोकं करून झोपलात तरी निम्मं काम झालं.

पण नुसतं डावं-उजवं पुरत नाही. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात टोचायची जुनी पद्धत आहे, तिथे दोन अडचणी आहेत. एक तर सायटिक नस (कमरेतून पायात जाणारी मोठी नस) फार लांब नसते. दुसरं म्हणजे तिथे चरबीचा थर जाड असतो; सुई आखूड पडली की औषध स्नायूत पोचतच नाही, चरबीतच गाठ धरून बसतं. तुमच्या गाठींपैकी काही तशाच असू शकतात.

मला वाट दाखवली ती घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्या एका सिस्टरने. मला कुशीवर झोपवून तिने तळहाताचं मूळ खुब्याच्या बाहेरच्या टणक हाडावर ठेवलं, तर्जनी पुढच्या बाजूला कमरेच्या हाडाच्या टोकावर टेकवली आणि मधलं बोट त्या हाडाच्या कडेकडेने मागे पसरलं. दोन बोटांच्या मधे जो त्रिकोण झाला, त्याच्या मधोमध सुई. डाव्या खुब्याला उजवा हात, उजव्याला डावा. या जागेला व्हेंट्रोग्लुटियल म्हणतात. इथे चरबी कमी, स्नायू भरपूर आणि मोठी नस किंवा मोठी रक्तवाहिनी जवळ नाही. तुमच्या इथल्या सिस्टरला ही जागा येते का, ते स्पष्ट विचारा. येत नसेल तर सवयीने ती पुन्हा मागेच टोचेल. तिसरी जागा मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधल्या तिसऱ्या भागात. दोन खुबे आणि दोन मांड्या धरल्या तर चार जागा झाल्या. कॅलेंडरवर तारखेपुढे 'डा. खु.', 'उ. मां.' असं लिहून ठेवा, नाहीतर तीन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही.

टोचण्याच्या बारीकसारीक गोष्टींनीही फरक पडतो. अँप्यूल आधी मुठीत धरून कोमट करा, तेल पातळ होतं. औषध ओढायची सुई वेगळी आणि टोचायची वेगळी हवी, कारण काचेला किंवा रबराला लागून टोक बोथटतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. तेल सोडताना मिलिलिटरला साधारण दहा सेकंद तरी लागू द्या. गर्दीच्या दवाखान्यात हे कोणी करत नाही, सांगावं लागतं. नंतर तिथे जोरजोरात चोळू नका.

आता आखडण्याबद्दल. इंटरनेटवर शोधलंत तर फार भयंकर चित्रं दिसतील. १९७०च्या दशकात जपानमध्ये हजारो मुलांच्या मांडीचे स्नायू वारंवार दिलेल्या इंजेक्शनांनी इतके आखडले की गुडघा वाकेना. आपल्याकडेही पेंटाझोसिन हे वेदनाशामक वारंवार टोचून घेणाऱ्यांचे स्नायू लाकडासारखे झाल्याच्या नोंदी आहेत. पण ती मुलं वाढत्या वयाची होती, सुया वरचेवर बसत होत्या आणि औषधंही जास्त झोंबणारी होती. काही आठवड्यांतून एकदा तेलातलं हार्मोन घेणाऱ्या मोठ्या माणसाचा सांधा अडण्यापर्यंत गोष्ट क्वचितच जाते.

तरी घरच्या घरी अंदाज घेता येतो. दोन्ही गुडघे जुळवून उकिडवे बसा. मांड्या आपोआप बाहेर फाकत असतील तर कुल्ल्याचा मोठा स्नायू आखडलाय. गंमत म्हणजे अशा माणसाला मांडी घालून बसायला फारसा त्रास होत नाही, कारण मांडी घालताना गुडघे बाहेरच जातात. पालथे पडून टाच कुल्ल्याकडे नेताना कंबर वर उचलली जात असेल तर मांडीचा पुढचा स्नायू तंग आहे. हे फिजिओथेरपिस्टला दाखवलंत की तो पुढचे व्यायाम नेमके देईल. आणि ओढ कमरेतून पायात, पोटरीपर्यंत जात असेल तर इंजेक्शनला दोष देण्याआधी मणका तपासून घ्या. आमच्यासारख्यांची खोड अशी की अंगात काहीही दुखलं तरी खापर सुईवर फोडायचं.

गाठींचं काय होतं? जागा सोडून दिली की बऱ्याच गाठी काही महिन्यांत मऊ पडतात. कॅल्शियम साठून दगड झालेल्या तशाच राहतात, पण बहुधा त्रास देत नाहीत. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यावर आणि हळूहळू ताण दिल्यावर मोकळं वाटतं. मालिशने मात्र जुना फायब्रोसिस विरघळत नाही, कोणी कितीही महाग तेल विकलं तरी. नक्की काय आहे ते बघायला सोनोग्राफी पुरते. गाठ लाल, गरम असेल, वाढत असेल किंवा ताप असेल तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. टोचताना पायात वीज गेल्यासारखी कळ आली आणि नंतर पाऊल उचलेनासं झालं, तर थेट हॉस्पिटल.

सगळ्या जागा फिरवूनही जमलं नाही तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) पर्याय विचारा. दंडाला किंवा खांद्याला लावायची टेस्टोस्टेरॉनची जेल असते, फक्त ती लावलेली जागा बायकोमुलांच्या अंगाला लागू द्यायची नाही. टेस्टोस्टेरॉनचाच दुसरा प्रकार, अनडेकॅनोएट, त्याचं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन साधारण १० ते १४ आठवड्यांनी घ्यायचं असतं, पण ते एकदम चार मिलिलिटर एरंडेल असतं, फार सावकाश द्यावं लागतं आणि लगेच खोकल्याची उबळ येऊ शकते, म्हणून अर्धा तास तिथेच थांबायचं. तिसरा मार्ग त्वचेखालचा: बारीक सुई, थोडा डोस, दर आठवड्याला. अमेरिकेत २०१८ मध्ये पोटाच्या त्वचेखाली घ्यायचं एनॅन्थेटचं तयार इंजेक्शन मंजूर झालंय. आपल्याकडचं अँप्यूल तसं वापरायचं की नाही हे मात्र डॉक्टरांनी ठरवू द्या.

जागा बदलल्यावर रक्तातली पातळी पुन्हा तपासा. दगडासारख्या जागेतून किंवा चरबीतून औषध एकसारखं शोषलं जात नाही, त्यामुळे इतके दिवसांचे तुमचे आकडे त्या जागेचे आहेत; ताज्या स्नायूत तोच डोस वेगळा चढू शकतो. दर वेळी इंजेक्शननंतर तितक्याच दिवसांनी रक्त द्या, आणि त्याच नमुन्यात हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघायला सांगा.